उघड्या राहिलेल्या बादल्या

दादाचा पाय ओल्या मुळावरून घसरला आणि तो पाचोळ्यात धपकन बसला.

“आणखी जोरात आपट, खाली व्यवस्थापकांना ऐकू गेलं नसेल,” टिंगी म्हणाली.

डोंगरावर जायला मुलांना सक्त मनाई होती. वरचं सगळं सामान आवरलंय, आता तिथे काही उरलेलं नाही, असं संशोधन केंद्राच्या व्यवस्थापकांनी बजावलं होतं. म्हणून टिंगी, दादा आणि धाकटा ढब्बू ओढ्यावर जातो सांगून सटकले होते. ओढा डोंगरावरूनच येत होता, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

त्यांची मावशी या दाट रानात सापसुरळ्यांचा अभ्यास करायची. तुकतुकीत अंगाच्या, इवल्या पायांच्या त्या सापसुरळ्या फक्त याच डोंगरमाथ्यावर सापडत. गेल्या सुट्टीत कुजका ओंडका उचलला की एक तरी सळसळत पळायची. त्यानंतर मावशी तापाने गेली. आज मुलांनी किती ओंडके उलटले, पण एकही दिसेना.

“मावशी गेली म्हणून त्याही गेल्या,” ढब्बू म्हणाला.

टिंगीने त्याला गप्प केलं, पण तिच्याही मनात तेच आलं होतं.

तेवढ्यात तिला पाचोळ्यात प्लास्टिकची बुटकी भिंत दिसली. ही मावशीचीच. सापसुरळी भिंतीच्या कडेने पळत जायची आणि जमिनीत पुरलेल्या बादलीत पडायची. मावशी रोज सकाळी तिला बाहेर काढून मोजायची, सोडून द्यायची. काम थांबवायचं असलं की बादल्यांना झाकणं लावायची.

या बादलीला झाकण नव्हतं. टिंगीने आत डोकावलं आणि ढब्बूला मागे ओढलं. तळाशी काळं पाणी होतं, आणि पाण्यात त्या होत्या.

सामान आवरायला आलेल्यांनी तंबू नेले, तराजू नेले. जमिनीतल्या बादल्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. बाकीच्या बादल्यांवर तर आता नेच्यांचं रान माजलं होतं. त्या कुठे आहेत हे एकाच माणसाला माहीत होतं. खड्डे काकांनी खणले होते, मावशीच्या नवऱ्याने. पण ती गेल्यापासून काका डोंगर चढलेच नव्हते. कुणी डोंगराचं नाव काढलं की ते उठून जात.

मुलं धावत खाली आली. काका जनरेटरच्या खोलीत पाना पुसत होते.

“काका, मावशीच्या बादल्या उघड्या आहेत,” टिंगी म्हणाली. “सापसुरळ्या मरतायत आत.”

काका पाना पुसतच राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

मुलांसोबत वर गेल्यावर काका नेच्यांत शिरायचे आणि नेमके बादलीपाशी थांबायचे. काही सापसुरळ्या अजून धुगधुगत होत्या. ढब्बू त्यांना ओंजळीत घेऊन ओंडक्याखाली सोडत होता. काका बादली उपसून काढत आणि खड्डा बुजवत. शेवटची माती त्यांनी हातांनीच लोटली आणि तिथेच बसले.

“तापात सारखी बादल्या, बादल्या म्हणत होती,” ते म्हणाले. “मला वाटलं, बरळतेय.”

मुलं डोंगरावर गेल्याचं कळताच व्यवस्थापक रागावायला म्हणून धापा टाकत वर आले, पण उपसलेल्या बादल्या पाहून जागीच थांबले. चूक आपली आहे, असं त्यांनी कबूल केलं आणि मुलांना शाबासकी दिली.

काकांनी ढब्बूच्या हातावरचा चिखल पुसला.

“तुमची मावशी असती तर आधी ओरडली असती, न सांगता वर आलात म्हणून. आणि मग...”

टिंगी त्यांना बिलगून बसली. मावशीने मग काय केलं असतं, ते तिला ठाऊक होतं.