तुळशीच्या आधीचं लग्न

"सुरज, सगळा गेरू तूच संपवला! आता तुळशीला काय लावायचं, तुझं डोकं?" सायली ओरडली.

दिवाळीची सुट्टी चालू होती. सोमवारी तुळशीचं लग्न, आणि वृंदावन रंगवायचं काम या दोघा चुलत भावंडांकडं होतं. तेवढ्यात त्यांचे आजोबा, भगवानआबा, फोन नाचवत अंगणात आले.

"पोरांनो, मोठी अक्षरं वाचली, बारकी दिसंनात. माझा चष्मा बघितला का? सिरसाळ्याच्या रामप्रसादची पत्रिका आलीया! शुक्रवारी त्याच्या पोराचं लगीन!"

आबांना लग्नांचं लई वेड! लग्न केजला असो की परळीला, पहिल्या रांगेत आबांचा फेटा दिसणारच. आणि रामप्रसाद तर त्यांच्या ओळखीचा कापसाचा व्यापारी.

सायलीचा ब्रश थांबला. "शुक्रवारी? आबा, तुळशीच्या आधी कुणी लगीन लावतंय का?"

"आसंल काही घाई! पत्रिका आली अन् उघडली न्हाई, तर माणसं काय म्हणतील? निळ्या ओळीवर दाबा, आसं लिव्हलंय."

अशा खोट्या पत्रिका उघडल्या की खातं रिकामं होतं, हे सायलीनं शाळेत ऐकलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीच्या, दिपालीताईच्या, नर्सिंगच्या फीचे पैसे याच फोनला जोडलेल्या खात्यात होते. परवा फी भरली नाही, तर ताईची जागा जाणार होती! तिनं सुरजला डोळ्यांनी खुणावलं. सुरजनं ओट्यावरचा चष्मा गुपचूप खिशात घातला.

"ऱ्हाऊ द्या चष्मा," आबा म्हणाले, "निळं तर दिसतंय मला!" आणि त्यांनी दाबलंच!

सायलीनं झेप घेऊन फोन ओढला. 'हे ॲप बसवायचं का?' असं विचारलं होतं.

"पत्रिकेला ॲप कशाला लागतंय?" तिनं 'नाही' दाबलं, नेट बंद केलं आणि आलेली फाइल काढून टाकली.

"आगं, पाहुण्याचा अपमान करती का?" आबा भडकले.

सुरजनं आजीच्या साध्या फोनवरून, स्पीकर लावून, रामप्रसादकाकांना विचारलं.

"कसलं लगीन?" काका रडकुंडीला आले होते. "पोरगं अजून नववीत हाय! काल मी आसलीच पत्रिका उघडली. खातं साफ झालं, अन् आता माझ्याच नंबरवरून समद्यांना निरोप जायलेत!"

"काका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा! मग बँकेला!" सायली म्हणाली.

आबा मटकन ओट्यावर बसले. मग उठून थेट देवळात गेले आणि भोंग्यावरून त्यांचा आवाज गावभर घुमला. "हातात अक्षता पडल्याबिगर कुठलीबी पत्रिका खरी धरू नका! आज मी फसलो असतो. माझ्या नातवंडांनी वाचवलं!"

दोन दिवसांनी दिपालीताईची फी भरली गेली. रविवारी सकाळी आबा फेटा बांधून सायली-सुरजसमोर उभे राहिले. मोठ्या माणसांना लग्नाच्या आमंत्रणाला देतात तशा अक्षता त्यांनी दोघांच्या हातांवर ठेवल्या.

"उद्या आपल्या दारी तुळशीचं लगीन हाय," आबा म्हणाले. "तुमी दोघांनी यायलाच पाहिजे. पहिल्या रांगेत!"