माळावर हरवलेले आजोबा

"मोकळ्या माळावर काही हरवलं ना, तर पळत सुटायचं नाही. आधी उभं राहायचं. वारा कुठून येतोय ते बघायचं आणि मग नाकाला विचारायचं. माणूस दिसायच्या आधी त्याच्या चुलीचा वास येतो."

आजोबांचा आवाज अश्लेषाच्या कानात अगदी जवळून आला. पण आज हरवले होते ते आजोबाच.

भाड्याने घेतलेल्या घराच्या फाटकाजवळ हॉथॉर्नचं एकुलतं एक काटेरी झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीला काल संध्याकाळी बाबांनी तांब्याचा लोटा टांगला होता. आजोबांच्याच पंच्यात बांधलेला लोटा, आणि आत आजोबांच्या अस्थी. अस्थी घरात न्यायच्या नाहीत, जमिनीला टेकवायच्या नाहीत, असं आजीने निघतानाच बजावलं होतं. स्वोर्ड्स गावातल्या त्यांच्या घरीसुद्धा तो लोटा मागच्या शेडमध्ये खुंटीवर होता आणि आजी रोज तिथे दिवा लावत असे.

आता फांदी रिकामी होती. तिच्यावरून पावसाचे थेंब तेवढे ठिबकत होते.

आजोबा, म्हणजे दीनानाथ, तरुणपणी मंगोलियात होते. दोर्नोद नावाच्या प्रांतात ते जमिनीच्या पोटातले दगड तपासत फिरायचे. दिवसभर जीप चालवावी आणि गवत नि आभाळ यांखेरीज काही दिसू नये, मग एकदम एखादा पांढरा तंबू, त्यातून निघणारा धूर आणि अनोळखी पाहुण्यासाठी तयार असलेला खारट चहा! मागच्या उन्हाळ्यात ते सगळे मेयो परगण्याच्या या उत्तर टोकाला आले होते. दोन्ही बाजूंना तपकिरी बॉग, म्हणजे पाणी पिऊन फुगलेली मऊ जमीन, आणि मैलोन्‌मैल घर नाही. आजोबांनी गाडी थांबवायला लावली होती. खाली उतरून, हात पसरून ते आजीला म्हणाले होते, "प्रभा, अगं हे तर माझं दोर्नोद! फक्त घोडे कमी आहेत."

म्हणून तर त्यांना इथल्या समुद्रात सोडायचं आजीने ठरवलं होतं. आईची टॅलाच्या हॉस्पिटलातली ड्यूटी चुकली नाही, म्हणून ती मागे राहिली. स्लायगोहून प्रसन्नकाका आणि त्यांचा मुलगा अद्वय आले. दुपारच्या भरतीला अस्थी सोडायच्या आणि तोवर आजीचा उपास.

अश्लेषा धावत स्वयंपाकघराकडे गेली, पण दाराशीच थबकली. आत बाबा आणि काका दबक्या आवाजात भांडत होते.

बाबांना वाटलं होतं, प्रसन्न झोपण्याआधी लोटा गाडीत नेऊन टांगेल. काकांना वाटलं होतं, ते दादाने केलंच असेल. दोघंही उशिरापर्यंत घोरत पडले होते. एखाद्या कोल्ह्याने नेला असेल, वाऱ्याने उडाला असेल, असं काका म्हणत होते. मग त्यांनी कोळशाच्या बंद शेगडीचं दार उघडलं आणि खालची राख चमच्याने एका स्टीलच्या डब्यात भरायला घेतली.

"प्रसन्न, अरे काय करतोयस?" बाबांनी त्यांचा हात धरला.

"दादा, आईला काय सांगणार आहेस? बाबा हरवले म्हणून? ती उभी मोडेल रे." काकांचे डोळे भरले होते. "लोट्याला चीर गेली म्हणून डब्यात काढल्या, असं सांगू. तिच्या मनाला शांती मिळू दे."

बाबांनी डब्याचं झाकण शोधून दिलं.

अश्लेषा मागच्या मागे फिरली. अंगणात अद्वय आणि तिचा धाकटा भाऊ राजस दगडांवरून उड्या मारत होते. तिघं आपसात इंग्रजीतच बोलत, तेही आयरिश हेल काढून. मोठ्यांचं मराठी त्यांना सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत जाई. आजोबा हसून म्हणत, "मी रुपये देतो, ही पोरं सुटे युरो परत करतात!" अश्लेषाने जे पाहिलं ते सांगितलं, तेव्हा राजसचा चेहराच पडला.

"म्हणजे आजी शेगडीच्या राखेला नमस्कार करणार?"

"आपण आजोबांना शोधलं नाही तर, हो," अश्लेषा म्हणाली.

आजी खोलीत जपाला बसली होती. जप संपला की निघायचं, असं ठरलेलं. अद्वयने भुवया उंचावून गाडीकडे पाहिलं. गाडी निघालीच नाही तर? राजस मांजरासारखा आत गेला आणि तसाच बाहेर आला. गाडीची किल्ली आता ओट्सच्या डब्याच्या तळाशी होती.

"कुणी विचारलं तर?" अद्वयने त्याला छेडलं. "तुझं तोंड म्हणजे उघडी खिडकी."

"मी इथे असेन तर विचारतील ना! मी पण येणार."

तिघांनी झाडाखालची जमीन तपासली. पंच्याची गाठ कुणी ओढून तोडलेली नव्हती, नाहीतर काट्यांना धागे अडकले असते. म्हणजे कोल्हा नाही, वाराही नाही. कुणीतरी माणसाने अलगद सोडवली होती. चिखलात रुंद चाकांच्या खुणा होत्या, पण पुढे दगडी रस्त्यावर त्या पुसल्या होत्या. एवढ्यात राजसला आठवलं, की सकाळी काकांनी याच फांदीवरून एक चिंधी सोडून कचऱ्यात टाकली होती.

कचऱ्याच्या डब्यातून निघाला तो निळा लोकरी रुमाल. बायका डोक्याला बांधतात तसला, आणि चांगला धुतलेला. अश्लेषाने तो नाकाशी धरला. धूर! शेगडीतल्या कोळशाचा नव्हे, मातकट, गोडसर धूर.

ती जागच्या जागी उभी राहिली. डोळे मिटले. अद्वय काहीतरी विचारत होता, तिने त्याला हातानेच गप्प केलं. वारा डाव्या गालावर लागत होता, समुद्राकडून. आणि त्यात अगदी पुसट, रुमालातलाच वास होता.

"तिकडे घरच नाही," अद्वय म्हणाला. खरंच, तिकडे नुसता उघडा उतार दिसत होता.

"दिसत नाही," अश्लेषा म्हणाली. "आहे."

बॉगमधून टर्फ, म्हणजे जळणाची माती, कापून आणण्यासाठी एक जुनी वाट गेली होती. तिच्यावरूनच चालायचं, बाजूला पाय टाकायचा नाही, असं अद्वयने खडसावून सांगितलं. राजसने अर्थातच टाकला! गुडघ्यापर्यंत रुतला, आणि दोघांनी काखेत हात घालून त्याला उपसला तेव्हा एक बूट बॉगने ठेवून घेतला. तो रडला नाही. एक पाय मोज्यातच ठेवून चालत राहिला. उताराच्या पलीकडे खड्ड्यासारख्या सखल जागेत एक बुटकं पांढरं घर होतं, त्याच्या धुराड्यातून निळसर धूर निघत होता आणि दाराशी चार रुंद चाकांची क्वाड बाइक उभी होती.

दार उघडलं एका म्हाताऱ्या बाईने. तिने अश्लेषाच्या हातातला रुमाल पाहिला आणि सुटकेचा श्वास टाकला. "आलात एकदाचे. या, युअर मॅन आत आहे."

इकडे कुणाही गृहस्थाला 'युअर मॅन' म्हणतात, ते अश्लेषाला माहीत होतं. पण लोट्याला कुणी तसं म्हणेल, असं तिला वाटलं नव्हतं.

खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं. त्यावर पंच्यात तसाच गुंडाळलेला लोटा आणि शेजारी जळणारी मेणबत्ती. समोर एक खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर तिची शाल.

तिचं नाव ब्रायडी. पहाटे मेंढ्यांकडे जाताना तिला गाठोडं दिसलं. एकट्या हॉथॉर्नला इथे कुणी हात लावत नाही, त्यावर काही टांगणं तर अपशकुनच. पाहुण्यांना बाधा नको म्हणून ती सोडवायला गेली, तर हाताला वजन लागलं. पंचा जरासा बाजूला केल्यावर आत अस्थी आहेत हे तिला कळलं आणि तिने लगेच झाकलं. दार ठोठावलं, कुणी उठलं नाही. पाऊस सुरू झाला होता. रुमाल बांधून ठेवला की शेजारणीकडे आहे हे कळेलच, असं तिला वाटलं. या भागात शेजारीण म्हणजे तीच तर एक होती!

"पण तुम्ही इथे... बसून होता?" अश्लेषाने विचारलं.

"मग? गेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं असतं का?"

अश्लेषाला रडू फुटलं. आजोबा गेले त्या दिवसापासून ती रडली नव्हती. आज मात्र अनोळखी घरात, चिखलाच्या बुटांनी, ती हुंदके देऊन रडली. ब्रायडीने तिला रडू दिलं. मग कपात चहा ओतत ती हळूच सांगू लागली. तिचा नवरा मार्टिन मासेमारीला गेला तो परत आला नाही. समुद्राने काहीच परत दिलं नाही. घरात आणायला नाही, बसायला नाही, पुरायलाही नाही. "म्हणून आज बसले," ती म्हणाली. "मला बरं वाटलं."

निघताना तिने अश्लेषाचा हात धरला. "तुम्ही समुद्रावर जाल. माझ्याने आता खाली उतरवत नाही. तिथे एकदा मोठ्याने मार्टिन म्हणशील? पुष्कळ दिवसांत त्याला कुणी हाक मारलेली नाही."

"म्हणेन," अश्लेषा म्हणाली. "प्रॉमिस."

ब्रायडी क्वाडवर पुढे आणि मुलं मागच्या ट्रेलरमध्ये. लोटा अश्लेषाने छातीशी धरला होता. फाटकाशी पोचल्यावर तिने ट्रेलरमधून डोकावून पाहिलं. बाबा नि काका किल्लीसाठी गाडीभोवती शोधत होते आणि बाकावर आजी बसली होती. तिच्या मांडीवर तो स्टीलचा डबा होता. त्यावर हात ठेवून, डोळे मिटून, ती पुटपुटत होती, "सांभाळून जा हो."

काकांनी पंचा ओळखला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण बोलले ते बाबा. ते आजीसमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, फांदीपासून शेगडीपर्यंत. आजी ऐकत राहिली. डब्यावरचा तिचा हात सावकाश बाजूला झाला.

"मी त्यांचा निरोप घेतला रे याच्यापाशी," ती एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने दोघांना मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग अश्लेषा पुढे झाली. अस्थी घरात नेल्या गेल्या, टेबलावर ठेवल्या गेल्या, हे कसं सांगावं तिला कळेना. पण तिने सांगितलं. मराठीत, अडखळत, एकही इंग्रजी वाक्य न घालता. आजी उठली. लोटा तिने दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि ब्रायडीकडे बघून विचारलं, "त्यांनी फार त्रास नाही ना दिला?"

अश्लेषाने ते इंग्रजीत सांगितलं.

"अजिबात नाही. ग्रँड होते अगदी," ब्रायडी म्हणाली.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आजीने राजसचा चिखलाने भरलेला मोजा पाहिला, अद्वयचे ओरखडलेले हात पाहिले. तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवून ती म्हणाली, "गुणाची रे माझी पोरं. तुमच्या आजोबांना तुम्ही आणलंत." राजसने तेव्हा ओट्सच्या डब्याचं गुपित फोडलं, आणि काकांनी त्याला रागावण्याऐवजी उचलून कडेवर घेतलं.

भरतीच्या वेळी अस्थी पाण्यात गेल्या. आजी थोडा वेळ कमरेत वाकून बघत राहिली. मग बाबा नि काकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं. उपास सोडायला काकांनी आजीपुढे केळं धरलं, पण तिने मानेनेच नको म्हटलं. वर रस्त्यावर, क्वाडशेजारी, ब्रायडी उभी होती. ती खाली आली नव्हती.

सगळे आजीभोवती होते. अश्लेषाने बूट काढले, मोजे त्यांत कोंबले आणि कुणाला काही न सांगता ती एकटीच मार्टिनला हाक मारायला पाण्याकडे चालू लागली.