घसरणारा मास्क

"मास्क नाकावर घ्या! नाकावर! हनुवटी झाकून काय उपयोग?" बसच्या कंडक्टरने खणखणीत आवाजात सुनावलं, आणि तेवढ्यात त्याचाच मास्क सुळकन घसरून हनुवटीवर जाऊन बसला.

"आधी स्वतःचं नाक सांभाळा," मागून कुणीतरी म्हणालं.

अख्खी बस हसली. कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन एक मुलगी बसली होती, तिचा तो आवाज. कंडक्टर तिकीट द्यायला आला तो मास्क दोन बोटांनी धरूनच. डोळे मात्र हसत होते.

"दिवसभर ओरडतो हो. तोंड हललं की हा खाली! तुम्हाला बोलायला सोपं आहे."

"शिवायलाही सोपं आहे. डेपोसमोर मास्तरांचं टेलरिंगचं दुकान आहे, तिथे या. माझ्या हातचा मास्क घसरत नाही."

वडील मास्तर, म्हणून ही सगळ्यांची छोटी मास्तर. साथीत वडील मरता मरता वाचले होते. फुप्फुसं अजून नाजूक, म्हणून ते दुकानामागच्या खोलीत पडद्याआड बसायचे आणि मशीनच्या आवाजावरून लेकीच्या चुका काढायचे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, दुकानात मास्क उतरवायचा नाही, ही तिची काळ्या दगडावरची रेघ होती.

कंडक्टर दुसऱ्याच दिवशी हजर झाला. तिने गळ्यातली टेप काढली. नाकापासून हनुवटीपर्यंत, मग या कानापासून त्या कानापर्यंत...

"हलू नका."

"श्वास घेऊ?"

"घ्या, पण बेताने."

इतक्या जवळून कुणाच्या डोळ्यांत बघायची तिला सवय नव्हती. तिने मुकाट्याने आकड्यांवर नजर खिळवली.

मास्क झाला. आठवड्याच्या आत स्वारी परत दारात. "घसरतो."

तिने इलास्टिक आवळलं. तो परत आला. तिने नाकावर तार घातली. तो पुन्हा आला! येताना बसमधल्या गमती आणायचा — कुणी मास्क खिशातून काढून 'हा काय, आहे ना' म्हणून दाखवतं, कुणी शिंकायच्या वेळी नेमका खाली ओढतं. ती पोट धरून हसायची. हळूहळू असं झालं, की संध्याकाळी बस डेपोत वळली की मशीनवरचा तिचा पाय आपोआप थांबायचा. हे तिच्या लक्षात आलं, आणि ती स्वतःवरच रागावली.

एके दिवशी तो आला, पण एकही गंमत नव्हती.

"डेपोत तक्रार गेलीय. लोकांना मास्क लावायला सांगणाऱ्याचाच मास्क खाली म्हणून. साहेब म्हणाले, पुन्हा दिसलं तर दुसऱ्या डेपोत बदली."

दुसरा डेपो म्हणजे संध्याकाळी ही बस येणार, पण हा दारात यायचा नाही.

तिने आपण शिवलेला मास्क त्याच्याकडून घेऊन टेबलावर पसरला. टेप लावली. मग त्याच्या तोंडावरच्या जुन्या मास्ककडे पाहिलं... आणि कपाळावर हात मारून घेतला. आजवर तिने माप घेतलं होतं ते मास्कवरून! कापडाची जाडी, आतली पोकळी, सगळं धरून. नियम पाळण्याच्या नादात तिने त्याचा चेहरा कधी मोजलाच नव्हता.

"बाहेर व्हा," ती म्हणाली. टेप त्याच्या हातात कोंबली आणि काचेचं दार लावून घेतलं. "आता काढा मास्क! काचेत बघून माप घ्या आणि मोठ्याने सांगा!"

त्याने मास्क काढला. रुंद जिवणी, पुढचा एक दात किंचित वाकडा. तिला तो भलताच आवडला.

त्याने आकडे सांगितले, तिने खडूने टेबलावर लिहिले. मग तो घुटमळला.

"एक सांगू? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं — तुम्ही मास्कवरून माप घेताय!"

"मग बोलला का नाहीत?"

"परत कशाला आलो असतो मग?"

"अहो, नोकरीवर बेतलं होतं तुमच्या!"

"बेतू दे! तुम्ही आवडता मला!"

काचेपलीकडे ऐकू जावं म्हणून तो थांब्याचं नाव पुकारायच्या आवाजात बोलला. समोरच्या थांब्यावरची सगळी रांग वळून बघायला लागली.

तिचे कान तापले. मग काचेमागे तिनेही आपला मास्क खाली घेतला.

"नीट बघून घ्या. नंतर म्हणाल, पसंत नाही."

दिवसभर ओरडणाऱ्या त्या माणसाने नुसती मान डोलावली, एकदा, दोनदा, तीनदा.

"छोटे," पडद्याआडून मास्तर म्हणाले, "माप कुठे चुकतंय ते मला केव्हाच कळलं होतं."

"बाबा! मग सांगितलं का नाही?"

"तू खुशीत शिवत होतीस, म्हटलं शिवू दे. मास्कचं झालं असेल तर त्याच्या सुटाचंही माप घेऊन टाक. लग्नात काहीतरी घालायला लागेल ना त्याला!"

मास्क नीट नाकावर चढवून तो आत आला आणि पाठमोरा उभा राहिला. तिने या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत टेप धरली, आकडा पाहिला, आणि विसरली.

"किती भरलं?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा हो, बाबा," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा टेप धरली.