भरतीच्या पाण्यातली तीन पानं

गवताची तीन पानं हवी होती. पण ती पाण्याखाली असतानाच तोडलेली! एवढ्यासाठी डॉ. वसुमती उजाडता उजाडता तंजावरहून निघाली, आणि सोबतीला तिला मिळाला कोण, तर पोहण्याच्या नावाने आनंदीआनंद असलेला धाकटा भाऊ हरिप्रसाद. पापनाशमच्या तालुका कचेरीतून रजा काढून तो आला होता. तोडलेलं पान जागच्या जागी गोठवण्यासाठी द्रव नायट्रोजनचा डबा बरोबर घेतला होता, आणि मांडीवर बाळ घ्यावं तसा त्याने तो धरला होता.

"अक्का, भातच पाहिजे तर घरीं आहे कीं! सांबार पण आहे," ओरत्तनाडु मागे पडताना तो म्हणाला.

"गप बैस. डबा आडवा झाला तर तुला इथेंच उतरवीन."

हवा होता तो साधा भात नव्हता. समुद्राच्या खाऱ्या चिखलात उगवणारा रानभात, आपल्या भाताचा रांगडा चुलतभाऊ. मीठ अंगावर आलं की या रोपातलं एक जनुक जागं होतं आणि रोप ते मीठ पानांवाटे बाहेर फेकतं, असा वसुमतीचा शोध होता. उमेदीची सगळी वर्षं तिने त्यात घातली होती. निबंध छापून आला, वाहवा झाली. आणि मग दूरच्या एका प्रयोगशाळेने खाडीतली रोपं तपासून जाहीर केलं, की रानात हे जनुक झोपलेलंच असतं. बाईंचा शोध कुंडीपुरता खरा आहे!

कुंडीपुरता! हा शब्द वसुमतीला फार झोंबला. तिने त्यांची टिपणं बारकाईने वाचली आणि गोम सापडली. चिखलात पाय घालता येतो तो ओहोटीला, म्हणून सगळी शहाणी माणसं पानं तोडतात ती ओहोटीला. पण त्या वेळी कावेरीचं गोडं पाणी चिखल धुऊन काढत असतं. खरं मीठ येतं भरतीबरोबर. मग भरतीतच गेलं पाहिजे! तिथेही जनुक झोपलेलं निघालं तर निबंध मागे घ्यायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पट्टुकोट्टैच्या पुढे रस्ता संपला आणि खाडी लागली. नटराज नावाचा पन्नाशीचा कोळी सपाट बुडाची होडी घेऊन थांबला होता. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, चिखलातून वर आलेली बोटाएवढी मुळं, आणि मधूनमधून रानभाताचे हिरवे पुंजके. सगळीकडे कुजक्या पाल्याचा वास दाटला होता, आणि खेकडे सोडले तर कुणाची हालचाल नव्हती.

पाणी चढल्यावर पुंजके दिसेनासे होणार होते. म्हणून ओहोटी होती तोवर वसुमतीने तीन पुंजक्यांशेजारी वेळूच्या काठ्या रोवल्या. दोन समुद्राच्या बाजूला, तिसरी एका ओढ्याच्या मुखाशी. डबा होडीत ठेव म्हणून बजावलं होतं, पण हरिप्रसाद तो घेऊनच तिच्या मागोमाग उतरला होता. परतताना त्याचा पाय पडला तो नेमका पोकळ चिखलात. मांड्या गेल्या, कंबर गेली!

"अक्का!"

"हलूं नको! मागें रेल!"

वसुमती चिखलावर सपाट आडवी झाली. नटराजने वल्हं पुढे सरकवलं. दोघांनी ओढला, पुन्हा ओढला, आणि चिखलाने एकदाचा त्याला सोडला. पण डबा कलंडला होता! पांढरा धूर फुसफुसत चिखलावर पसरला. उचलून पाहिलं तर तळाशी जेमतेम तीन नळ्या बुडतील इतकाच नायट्रोजन उरला होता, आणि तोही उडत होता.

हरिप्रसादचा चेहरा उतरला. वसुमतीला राग आला होता, पण अंगावरचा चिखल न पुसता भाऊ डबा सरळ धरून बसलेला पाहून तो ओसरला.

"तीन पानं, तीन नळ्या. पुरे होईल," ती म्हणाली.

भरती आली. पाणी मुळांवरून चढलं, पुंजके गडप झाले, काठ्यांची टोकं तेवढी उरली. त्यातच समुद्रावरून वारा सुटला. नटराज आभाळाकडे पाहून तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, लवकर. वारा वाढला तर होडी झाडीत फेकली जाईल."

वसुमतीने कात्री दातांत धरली आणि बुडी मारली. गढूळ! डोळ्यांचा उपयोगच नव्हता. काठी चाचपली, पान चाचपलं, कापलं. वर! हरिप्रसादने पान नळीत घालून डब्यात सोडलं. चर्र! दुसऱ्या काठीपाशी कालवाच्या शिंपल्याने तिचा तळवा फाडला. खारं पाणी जखमेला असं लागलं, की ती पाण्यातच ओरडली. पण पान हातात होतं. चर्र!

तिसऱ्या काठीपाशी ती तळाला गेली आणि नाकातोंडात पाणी शिरलं. ती वर आली, खोकली, आणि थबकली.

"हरी! इथलं पाणी गोडं आहे! तळापर्यंत गोडं!"

ओढ्यातून कावेरीचं पाणी उतरत होतं आणि भरतीने ते तिथेच तुंबवून धरलं होतं.

"मग सोड कीं तें! दुसऱ्या काठीपाशीं अस्क खारं, सगळं खारंच आहे. तिथलंच आणखी एक तोड!"

नायट्रोजन एकाच पानापुरता होता. खाऱ्यातलं तिसरं पान बहुधा तिच्याच बाजूने बोललं असतं. पण इथे, मीठ नसतानाही जनुक जागं निघालं, तर मिठाने ते जागं होतं या म्हणण्याला अर्थच उरत नव्हता. सगळी वर्षं पाण्यात! तिला स्पष्ट भीती वाटली.

आणि तिने श्वास भरून पुन्हा बुडी मारली.

कापलं! वर निघाली, तर बाही मुळात अडकली. ओढली, सुटेना. छाती फुटायला आली. कात्री फिरवली, कापड फाटलं, आणि ती वर आली ती होडीपासून दूर, प्रवाहात! नटराजने वल्हं फेकलं. हरिप्रसाद, पाण्याला भिणारा हरिप्रसाद, होडीबाहेर अर्धा लोंबकळला आणि त्याने तिचं मनगट पकडलं.

"पान घे आधीं!" ती ओरडली.

शेवटची नळी डब्यात गेली. होडी वळली.

तंजावरच्या प्रयोगशाळेत काही दिवसांनी तपासणीचा दिवा लागला तेव्हा हरिप्रसादही हजर होता. जेलच्या पारदर्शक वडीवर तिन्ही पानांच्या रांगांत खाली एकेक फिकट पट्टी होती, म्हणजे तिन्ही नमुने शाबूत होते. वर पाहायचं होतं ते जनुक; जागं असेल तरच तिथे पट्टी उजळणार होती. पहिल्या पानाची पट्टी लख्ख, दुसऱ्याचीही लख्ख. तिसऱ्याची जागा काळीठिक्कर!

"अय्यो अक्का, तिसरं वांयां गेलं कां?"

"वांयां कशाला जाईल? झोपलेलं आहे तें. मीठच नाहीं, तर जागं कां होईल?" वसुमतीचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "नुसत्या पहिल्या दोन पानांवर कोणी विश्वास ठेवला नसता. आतां ठेवतील."

हरिप्रसाद त्या काळ्या जागेकडे पाहत राहिला.

"आणि उजळलं असतं तर?"

"निबंध मागें घेतला असता."

"हें तुला तिथें पाण्यांतच कळलं होतं?"

"कळलं, म्हणून तर परत खालीं गेलें."