तार सुटलेलं दही

कवठे महांकाळहून मिरजेला जाणाऱ्या बसने करकचून ब्रेक मारला, आणि माझ्या मांडीवरचा दह्याचा डबा शेजारच्या माणसाच्या पँटवर उलटला.

"अगं बाई... सॉरी!"

मी रुमालाने पुसायला गेले, तर दह्याची हातभर लांब तार निघाली. तो हसायलाच लागला.

"असलं दही आमची आई फेकून देती."

"फेकून? आठ गावं फिरल्यावर मिळालं होतं मला!"

त्याचं नाव शिवतेज. फौजेतला. सरावात पायाला खोल जखम झाली म्हणून आजारपणाच्या रजेवर आलेला, पट्टी बदलायला मिरजेला निघालेला. मी साताऱ्याची संयोगिता, मिरजेच्या कॉलेजात संशोधन करते. दह्यातले जिवाणू एक चिकट साखर बनवतात, त्यानेच ही तार सुटते. तिने जखम लवकर भरते का, ते मी तपासत होते.

"पण ती गोड नसते," मी म्हणाले.

"साखर असून गोड न्हाई? तुमच्यासारखीच म्हणा की!"

मी खिडकीबाहेर बघितलं... हसू लपवायला.

तिसऱ्या दिवशी तो लंगडत प्रयोगशाळेच्या दारात हजर. हातात आईने फेकायला काढलेल्या दह्याचा डबा.

"साखर काढून माझ्याच पायाला लावा की."

"नाही. आधी बशीतल्या पेशींवर बघायचं. माणसावर लगेच नाही. तुमच्यावर तर मुळीच नाही."

"माझ्यावर मुळीच न्हाई — का बरं?"

मी त्याच्या हातातून डबा घेतला. कानच गरम झाले.

मग पट्टी बदलायला आला की दर वेळी तो डोकावून जायचा. दोन महिने असेच गेले. शेवटी त्याच्या आईच्या दह्यातली साखर हाती आली. पेशींच्या थरावर ओढलेला ओरखडा साखर न घातलेल्या बशीत तसाच रुंद राहिला. साखर घातलेल्या बशीत दुसऱ्या दिवशी जवळजवळ मिटला. माझ्या मार्गदर्शक सरांच्या आधी मी त्याला फोन केला.

संध्याकाळी तो प्रयोगशाळेत आला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकला.

"लय भारी... पर माझा पाय बी बरा झाला. सोमवारी जम्मूला हजर व्हायचंय." त्याने मान वर केली. "तुमी... माझी वाट बघाल?"

"इथे बसून नाही बघणार."

त्याचा चेहरा पडला.

"रविवारी साताऱ्याला चला. बाबांना लग्नाचं स्वतः विचारा. ते सुभेदार होते, आधी सावधानमध्ये उभं करतील."

"आन् तुमचं उत्तर?"

"ते आत्ताच घ्या. हो." मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "आणि आता ते 'तुमी' बंद."

तो अगदी हळू म्हणाला, "बरं... संयोगिता."