दगडोबाला पोहायला शिकवलं तेव्हा

खोल पाण्यात उडी मारलेला माणूस वर यायलाच तयार नाही, हे लक्षात येताच तिनं शिट्टी फेकून सूर मारला. बखोटीला धरून त्याला काठावर आणलं. खोकून खोकून तो लालबुंद झाला होता.

"पोहता येत नाही, तर उडी कशाला मारलीत?"

"पाण्यात पडलं की पोहता येतं... म्हणतात," तो धापा टाकत म्हणाला.

"पडलं की! तुम्ही तर दगडासारखे तळाला गेलात."

सगळा तलाव हसला. तोही हसला, आणि ओल्या पापण्यांतून तिच्याकडे असा काही बघत राहिला, की तलावावर पोहायला शिकवणारी ती कडक मास्तरीण उगाचच टॉवेल शोधायला वळली.

तो सैन्यात होता, गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये. वरिष्ठ खूश होते, बढती तोंडावर आली होती. पण त्याचं मन जडलं होतं कमांडो दलावर. धावण्यात तो कुणाला हार जात नसे. घोडं पेंड खात होतं ते पाण्यात. म्हणून लांब सुट्टी काढून तो बहिणीकडे राहायला आला होता.

"अंग सैल सोडा. पाण्याशी कुस्ती नको."

"सैल कसं सोडू? तुम्ही हात धरलाय."

"मग सोडते."

"नको, नको...!"

बघता बघता तो 'दगडोबा' झाला, ती 'मास्तरीणबाई', आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. वर्ग सुटला की दोघं पाण्यात पाय सोडून बसत. तिच्या केसांतून निथळणाऱ्या थेंबांकडे तो बघत राही, आणि पकडला गेला की घाईघाईनं आभाळाकडे बघे.

तो तरंगायला लागला. मग पोहायला. मग अंगावर कपडे, पायात बूट घालूनही पोहायला. प्रत्येक फेरीला ती टाळ्या वाजवायची, आणि प्रत्येक टाळीबरोबर त्याच्या जाण्याचा दिवस जवळ यायचा.

एका संध्याकाळी पावसानं तलाव रिकामा केला. पत्र्याच्या छपराखाली दोघंच उरली.

"निवड झाली, तर... थांबशील माझ्यासाठी?"

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "माझे बाबा जहाजावर होते. आईला वाट बघताना बघतच मी मोठी झाले. जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं काम टाकून उठायची ती. मला नाही जमणार ते."

त्यानं छपरावरून गळणाऱ्या धारेखाली हात धरला. मग म्हणाला, "नाही जात तर मग. वर्कशॉप काय वाईट आहे? रोज संध्याकाळी घरी येईन, तुझ्या हातचा करपलेला भात खाईन."

"करपलेला कशावरून?"

"तूच म्हणालीस, स्वयंपाकात तू माझ्यासारखीच दगड आहेस."

तिला हसू आलं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण 'नाही जात' म्हणताना त्याचा आवाज कसा विझला, ते तिनं ऐकलं होतं.

"पुढे कधीतरी मला दोष देशील तू."

"कधीच नाही."

"तेच तर. बोलणारही नाहीस. आतल्या आत कुढशील, आणि मला ते दिसत राहील. तू जा... पण परत माझ्याकडे येऊ नकोस."

तो पावसातच निघाला. तिला हाक मारावीशी वाटली... पण ती खांबाला धरून उभी राहिली.

महिन्याभरानं त्याची बहीण तलावावर येऊन सांगून गेली. पोहण्याच्या परीक्षेत तो पहिला आला, निवड झाली, प्रशिक्षण सुरू झालं. आता फोन नाही, पत्ता नाही. कधी भेटेल, देव जाणे.

घरी येऊन तिनं रडत रडत आईला सगळं सांगितलं. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले.

"मी दुःखात होते, असं कुणी सांगितलं तुला?"

"मी बघत होते ना!"

"बघत होतीस गं, पण विचारलं नाहीस कधी. रडले, भांडले, देवालाही नाही नाही ते बोलले. पण तुझे बाबा येणार म्हणून घर आवरताना जे वाटायचं ना... ते कशाच्याही बदल्यात दिलं नसतं मी."

तिनं धडपडत त्याचा नंबर फिरवला. बंद होता. पुन्हा फिरवला. बंदच. फोन खाली ठेवून तिनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

"आई," ती हुंदके देत म्हणाली, "वाट... कशी बघतात गं?"