काळ्या समुद्रावरचा ठिपका

शेवंताबाईंचं विमान सकाळी बंगळूरहून उडालं, आणि त्याच वेळी अनगोळच्या घराच्या वरच्या खोलीतून त्यांच्या मुलानं, सुगतनंही विमान उडवलं. आईचं खरं, याचं कॉम्प्युटरमधलं. विमानाचं मॉडेल तेच, मार्ग तोच, थेट लंडनपर्यंत.

"पुढं पळवता येतंय न्हवं ते?" चहाचा कप ठेवत समतानं, त्याच्या बायकोनं विचारलं. "दिवसभर नुसतं ढग बघत बसणार?"

हा प्रश्न लग्नापासूनचा. सुगत पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, आणि रविवार आला की कधी टोकियोला, कधी जोहान्सबर्गला निघायचा. उडताना आणि उतरताना कौशल्य लागतं, मधले तास विमान आपलं आपण चालतं. सुगतला नेमके ते मधलेच तास हवे असायचे. तो पेपर तपासायचा, शेंगा सोलायचा, पण कान तिकडं. आपण लक्ष ठेवून आहोत आणि काहीही होत नाहीये, यातलं सुख त्याला समताला कधी पटवून देता आलं नव्हतं.

आज मात्र त्यानं सरळच सांगितलं. "आई एकटी हाय गं वर. इंग्लिश येत न्हाई, हिंदी धड न्हाई. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडण्यात जन्म गेला तिचा. कोगनोळीचा सीमेवरचा नाका वलांडून कोल्हापूरला गेली, ते तिचं परदेश. मी हितं बसलो की संगं गेल्यागत वाटतंय."

समता हसली नाही. स्टूल ओढून तीही बसली.

तिच्या फोनवर खऱ्या विमानांचा नकाशा होता. त्यात सासूबाई म्हणजे एक पिवळा ठिपका. पडद्यावरचं विमान आणि तो ठिपका जोडीनं सरकत होते. अरबी समुद्र झाला, आखात झालं. "आत्याबाई तुर्कस्तानात पोचल्या," समता खालून भाजी चिरता चिरता ओरडली, आणि सुगतला मनापासून बरं वाटलं.

दुपारी वळवाचं वारं सुटलं. कुठंतरी तारांवर झाड पडलं आणि करंट गेला. यूपीएस कोकलायला लागला. सुगतनं आहे तिथं, काळ्या समुद्राच्या मधोमध, विमान थांबवलं, सेव्ह केलं आणि मशीन बंद केलं. वैतागला थोडा. पण शेवटी खेळच तो. खाली येऊन जेवायला बसला.

जेवून फोन बघितला. ठिपका काळ्या समुद्रावर होता.

पानं उचलून झाल्यावर बघितला. तिथंच होता.

यात नवल नव्हतं. समुद्रावर सिग्नल पकडायला कुणी नसतं, ठिपके अडकतात. हे तो स्वतः वर्गात शिकवायचा. फक्त आजूबाजूचे ठिपके चालत होते. मागून आलेली विमानं त्या एका ठिपक्याला ओलांडून पुढं जात होती. सुगतनं फोन पालथा ठेवला. मग उचलला. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. करंट काही येईना.

चारच्या सुमाराला त्याच्या लंडनच्या बहिणीचा, नीलमचा फोन आला. ती लवकरच विमानतळावर जाऊन थांबली होती. सातवा महिना तिचा; आई तिच्या बाळंतपणालाच निघाली होती.

"दादा, सगळी विमानं बोर्डावर हाईत. आईचं तेवढं दिसंना. विचारलं तर थांबा म्हणतात. काय झालं असंल रं?"

"काय होत न्हाई. तू बसून घे," सुगत म्हणाला. फोन ठेवला आणि त्यानं परत ठिपका बघितला.

समता त्याच्याकडंच बघत होती. "तुम्ही बंद केलं, तवापासनंच थांबलंय ते."

"तसं काय नसतंय."

"नसंल." ती उठली, पायात चपला सरकवल्या. "वडगावात भावकूअण्णांकडं जनरेटर हाय. चला."

स्कूटरवर पुढं मॉनिटर, मागं समताच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं मशीन. इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर भरदिवसा आईला सोडवायला कॉम्प्युटर घेऊन निघालाय! वाटेत एक विद्यार्थी भेटला, त्याला सुगतनं रिपेरीला चाललोय म्हणून सांगितलं. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

भावकू त्याचा कॉलेजातला दोस्त. पुढच्या सोप्यात यंत्रमाग, लग्नसराईच्या साड्यांची घाई, म्हणून जनरेटर लावून खटखट चालली होती.

"काय रं, काय झालं?"

"आईचं विमान..." सुगतनं चादरीतलं मशीन पुढं केलं.

भावकूनं एकेक माग बंद केला. "आता झेपंल जनरेटरला," म्हणाला.

कापडाच्या ताग्याशेजारी मशीन मांडलं. पडद्यावर ढग आले, खाली काळं पाणी आलं, सगळं सोडलं होतं तसंच. समता फोन धरून शेजारी उभी राहिली. सुगतनं बटण दाबलं. विमान चालायला लागलं.

"सरकलं," समता म्हणाली.

भावकूनं तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

त्यानंतर सुगत जागचा हलला नाही. समतानं भाकरीचे तुकडे भरवले, ते त्यानं पडद्यावरची नजर न काढता चावले. एरवी उतरताना त्याचं विमान दाणकन आपटायचं आणि तो हसायचा. आज त्यानं ते श्वास रोखून खाली आणलं. चाकं हलकेच टेकली. समताच्या हातातला ठिपकाही टेकला.

कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. "आली रं दादा! आली आई!" नीलम रडत होती, हसत होती. समतानं तोंडाला पदर लावला आणि पायरीवरच्या भावकूला हाक मारली. सुगतला एकदम हलकं वाटलं, इतकं की जमिनीवरच बसावंसं वाटलं. ठिपके अडकतात, बोर्ड चुकतात. आई पोचली होती, बास.

"पोचलो रं बाबा," शेवंताबाईंचा आवाज खणखणीत होता. "नीलम लई वाळलीया."

"भ्यालीस का गं?"

"कशाला भ्यायचं? मधी तेवढं थांबलंतं."

"कुठं?"

"वरच की. खाली नुसतं पानी. चहा देनारी पोरगी वतता वतता थांबली, धार बी तशीच लोंबत ऱ्हायली. हाका मारल्या, कोन वळून बगंना. मग उठून फुडं गेलो. दार उगडंच हुतं. आत दोन खुर्च्या, बसल्यालं कोन न्हाई."

सुगतनं फोन कानाशी घट्ट धरला. "मग?"

"मग काय. बसलो तितंच, तू येस्तवर."

आपण काय करत होतो हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं. नीलमलाही नाही.

"ठेवतो आता, गाडी आली," शेवंताबाई म्हणाल्या. "मी माघारी येताना तेवढं मधी उटू नगंस."